शून्य निकालांवर आकाराममामांचा उतारा

सांगलीतल्या आमच्या कॉलेजात पक्की खबर होती, की ग्रंथालयातले शिपाई आकाराममामा मिलिटरीत हेर होते. म्हणूनच म्हणे त्यांना कुठलाही कागद सापडतो. साफ खोटं. मामा मिलिटरीत होते, पण सतरा वर्षं स्टोअरात. त्यांनी शोधले ते बूट, कांबळी आणि पातेल्यांची झाकणं.

ग्रंथालयात माझ्या शेजारी संगणकावर बसलेल्या श्रद्धाताईला पीएच.डी.ला नाव नोंदवायचं होतं. तिचे गाईड सुमंत सर यांनी बजावलेलं, "आज पाचपर्यंत या विषयावरचे आधीचे दहा अभ्यास दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी या." दोन वाजले होते. ताईनं संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये अख्खा विषयच टाइप केला, तोही इंग्रजीत: जत तालुक्यातील टँकरवर अवलंबून असणाऱ्या महिलांचा पाणी भरण्यात जाणारा वेळ, एक चिकित्सक अभ्यास. निकाल शून्य. चौथ्यांदा.

मामा फडकं घेऊन मागं उभे. "ताई, मशीनला अर्ज लिवलासा व्हय? खाली 'आपली विश्वासू' ऱ्हायलं."

"मामा, चेष्टा नको. माझं वर्ष जाईल."

"मग ती चिकित्सा काढा. शब्द तीनच ठेवा."

बाया, टँकर, वेळ. निकाल नऊ हजार! पहिलाच लेख तेलवाहू जहाजांवर नोकरी करणाऱ्या बायकांचा.

"समुद्रात पोचलो की!" मामा खूश. ताईनं कपाळाला हात लावला. पण मामा हटेनात, "खाली जावा, आजून खाली." सातव्या लेखात राजस्थानातल्या बाया हंडे घेऊन निघालेल्या.

"ह्यो आपला! ह्येच्या बुडाला विषय म्हणून काय लिवलंय?"

"घरगुती पाणीपुरवठा. वेळेचा विनियोग."

"त्येच घाला. आमच्या स्टोअरात जवान यायचा, 'गरम काय तरी द्या' म्हणायचा. मी म्हणायचो, न्हाई. 'जर्सी, लोकरी' म्हटलं की लगीच काढून द्यायचो. माल असतोय वो, लेबलावरचं नाव घ्याय पायजे."

निकाल त्र्याऐंशी, आणि सगळे पाण्याचेच.

"आता जे पटत्यात, त्येंच्या शेवटाला संदर्भाच्या याद्या आसत्यात, त्या बघा. लिवणारा कुणाकुणाचं वाचून शाणा झालाय, कळतंय."

पावणेपाचला अकरा लेख झाले. अकरावा तर खुद्द जतचा. सरांनी दोनदा मोजून सही केली आणि विचारलं, "कुणी शोधून दिलं?"

ताईनं बोट दाखवलं. मामा लगबगीनं स्टुलावर चढले. "मी न्हाई सर, मी पंखा पुसतोय."

दोन वाजता मी मामांशी पैज मारली होती, की दहा काही मिळत नाहीत. मी हरले तर मैत्रिणींपुढे त्यांच्या बोलण्याची नक्कल करणं महिनाभर बंद. मी हरले. त्यांचं बोलणं लिहायचं नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.