लिलावातली रीत

महापालिकेत समान संधीचं धोरण लिहायला समिती बसली, तेव्हा मासळी विकणाऱ्या बायांची प्रतिनिधी म्हणून मला घेतलं. मी दहावी पास, एवढंच भांडवल. पाचूबंदरच्या बायांनी मोठ्या हौसेने मला धाडलं. मागणी एकच होती, रस्त्याकडेची आमची बसायची जागा जाऊ नये.

टेबलाभोवती सगळे शिकलेले. ताई ताई करत मला चहा दिला. मग एका साहेबांनी वाचलं: महिला विक्रेत्यांना नव्या मंडईत वरच्या मजल्यावर राखीव जागा. पाटी डोक्यावर घेऊन म्हाताऱ्या बाया जिना कशा चढणार? आणि मासळीचा वाटा घ्यायला गिऱ्हाईक वर येतंय कशाला! मी साहेबांकडे रोखून पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं.

बंदरावरच्या लिलावात होडीची मासळी घेताना आम्ही हेच करतो. भाव पटला नाही की बाई बोलत नाही. सगळ्या गप्प राहिल्या की पुकारणारा समजतो आणि भाव उतरवतो. साहेब जरा थांबले. "कोणाची हरकत नाही ना?" मी आणखीच घट्ट बसले. वाटलं, आता नमतील. त्यांनी पान उलटलं. इतिवृत्तात आलं, प्रतिनिधींची संमती.

पालिकेने आम्हाला रस्त्यावरून उठवलं त्या दिवशी मावशी समोर आली. धंदा मला तिनेच शिकवला.

"तू ततं होतीस ना गो? मंग गप का बसलीस?"

मी लिलावाचं सांगितलं.

"साहेब काय बोंबील विकाला बसलेला?"

एरवी सगळ्या खो खो हसल्या असत्या. त्या दिवशी कोणी हसलं नाही. आता मी बंदरावर गेले की बाया सरकून जागा देतात आणि आपापसात बोलत राहतात. फार एकटं वाटतं. मला माझाच राग येतो, आणि कधी कधी त्यांचाही.

पुढच्या बैठकीत मी जिना, पाटी, म्हाताऱ्या बाया, सगळं बोलले. साहेबांनी नीट ऐकलं. "बरोबर आहे ताई, पण हे तुमचं एकटीचं मत झालं. बाकीच्यांच्या सह्या आणा, विषय पुन्हा घेऊ."

कागद घेऊन बंदरावर गेले, मोठ्याने वाचला, मावशीपुढे पेन धरलं. ती पाटीत बर्फ पसरत होती.

"पयल्यांदा आमाला कोनी इचारला नाय. आता बी तुजं तूच कर."

पेन सगळ्यांपुढे फिरवलं आणि तसंच परत आणलं. उद्या बैठक आहे. कागदावर एकच सही आहे, माझी.