रफिकच्या बंद केलेल्या ओळी

मुरूमहून रफिकच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी कारखान्याच्या संगणक खोलीत जेवणाचा डबा उघडत होतो. "दत्ताभाऊ, भाईजान गेले वो…" एवढंच तो बोलू शकला. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. मी आमच्या साहेबांकडे बोट दाखवतो, आणि महिना उलटला तरी ते बोट खाली आलेलं नाही.

रफिक आणि मी साखर कारखान्यात ऊसतोडीचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. शेतकऱ्यानं नोंद केली की त्याचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर सरकत जातो, आणि कुठल्याही टेबलावरचं काम हललं की एक छोटी स्क्रिप्ट आपोआप जागी होते. लिसनर म्हणतात तिला. बहुतेक जण तिला समोरच्या कामापुरतंच बघायला लावतात. रफिक त्या कामाचा धागा धरून अख्ख्या प्रक्रियेत शिरायचा. नोंद कुणाची, कधीची, मध्ये क्रम कुणी बदलला… सगळं काढून फाटकावरच्या पडद्यावर नावानिशी दाखवायचा. स्वभावच तो. चहाच्या टपरीवर दोघं भांडत असले तरी हा मध्ये पडणार, "आरं थांबा की, मागून काय आलंय ते तर बघा अगोदर!" लई डोकं खायचा.

साहेबांना रांग मोडून आपल्या पाहुण्यांचा ऊस आधी तोडायचा होता. त्यांनी फर्मान काढलं, "ती नावांची भानगड बंद करा. समोरचं काम तेवढं दिसू द्या."

"साहेब, मग लोकांला कळंल कसं, कुणी बदललं ते?"

"तुम्ही नोकरी करा."

रफिकनं स्क्रिप्टमधल्या नावं दाखवणाऱ्या ओळी बंद केल्या. पाहुण्यांचा ऊस गेला, बाकीच्यांचा फडातच वाळला. लोक चिडून फाटकावर आले, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "यानं स्क्रिप्टमध्ये घोळ घातला." नोकरी गेलीच, पण मुरूमच्या बाजारात माणसं त्याला ऊस वाळवणारा म्हणू लागली. तो घराबाहेर पडेनासा झाला. मी शेवटचा भेटलो तेव्हा खिडकीशी बसला होता. "नोकरीचं काय न्हाय रे, दत्ता… माझं नाव तेवढं…"

कारखान्यातल्या शोकसभेत साहेब गहिवरले. "चूक कुणाच्या हातून होत नाही? आम्ही रफिकला माफ केलंय." माफ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी रफिकच्या ओळी जशाच्या तशा चालू केल्या. जुन्या अर्जांचा इतिहास यंत्रणेत शाबूत होता, त्यावरूनही फिरवल्या. पडद्यावर एकेक बदललेला क्रम येत गेला, आणि प्रत्येकापुढं साहेबांचं नाव. फाटकावर गर्दी जमली. बेंबळीचे एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "म्हंजी ते पोरगं खरं व्हतं की!" पडद्याचे फोटो दुपारपर्यंत मुरूमच्या बाजारात पोचले. मला आनंद झाला, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

साहेब घामाघूम होऊन खोलीत आले. "हे कुणी केलं?"

"रफिकनं, साहेब. त्याच्याच ओळी आहेत."

ते टेकायला जागा शोधू लागले. खोलीत रिकामी खुर्ची एकच. तिच्या पाठीवर रफिकचा निळ्या चौकड्यांचा रुमाल अजून तसाच आहे, जेवून हात पुसायचा तो. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी त्यांना बसा म्हणालो नाही.