कापसातून जिनिंगला गेलेली गाण्याची पेटी

लग्न होऊन मी बाभुळगावजवळच्या एका लहान गावात राहायला आले, तेव्हा माझ्या सामानात एक सीडी प्लेअर आणि दोन मोठाली खोकी होती. ती उतरवून घेणाऱ्या दिराला वाटलं, आत काचेची भांडी असतील. त्याने ती पोटाशी धरून, जपून घरात नेली. आत गाणी आहेत हे कळल्यावर तो जरा हिरमुसला.

मी शेजारच्या गावातल्या शाळेत शिक्षिका होते. गाण्यांखेरीज मला दुसरा शौक नव्हता, पण सुट्या सीड्या मला आवडायच्या नाहीत. मला संच हवे असायचे, आणि तेही मोठे. एखाद्या गायिकेची सगळ्या आयुष्यातली गाणी एका पेटीत, सोबत जाड गुळगुळीत कागदावर छापलेलं पुस्तक, त्यात तिचे तरुणपणापासूनचे फोटो. यवतमाळला दत्त चौकाकडे एक गाण्यांचं दुकान होतं. दुकानदार मुंबईहून संच मागवायचा आणि पार्सल आलं की शाळेत फोन करायचा. मुख्याध्यापक मला हाक मारून सांगायचे, "बाई, तुमचं खोकं आलं."

संच बनवणाऱ्यांना काय काय सुचायचं कोण जाणे. एक संच जुन्या तबकडीच्या मापाचा, चौकोनी, परातीएवढा. एक पोथीसारखा लांबट. एक गोल डब्यात, ज्यात आमच्याकडे चिवडा सहज मावला असता. आत सीड्या इवल्याशा, बाहेरचा थाट मात्र लग्नाच्या आहेरासारखा. त्यामुळे हे सगळं ठेवायचं कुठे, हा माझा संसारातला पहिला प्रश्न झाला. लोखंडी कपाटाच्या फळ्या अरुंद. चौकोनी संच आत ठेवला की दार अर्धवट उघडं राहायचं. माळ्यावर उंदीर. पलंगाखाली ठेवावं तर जमीन सारवताना ओल यायची. टिनाच्या खोलीत ठेवून पाहिलं, तर एका उन्हाळ्यात खोक्यांचा डिंक सुटून पुठ्ठे केळीच्या सालीसारखे उलगडले. मी गव्हाची खळ करून ते परत चिकटवले आणि वर वरवंटा ठेवला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या उंबऱ्यात बसून हे सगळं बघायच्या.

"कायले एवढा जीव जाळतं त्या डब्यायवर?" त्या म्हणायच्या. "थाळी एवढुशी, अन् डबा एवढा!"

शेवटी समोरच्या खोलीतल्या भिंतीला टेकून माझे संच उभे राहिले, वर जुनं लुगडं पांघरून. ती खोली कोरडी होती आणि तिचं दार नीट लागायचं. पण कोरडी खोली कापसालाही हवी असते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. दिवाळीनंतर व्यापारी भाव बोलायचे ते ऐकून माणसं काटा न बघताच परत यायची. अजून थांबू, संक्रांतीनंतर वर जाईल, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगायचा आणि कापूस घरातच राहायचा. आमचीही समोरची खोली भरली. मजूर कापूस ओतायचे, दीर आणि माझा नवरा तो तुडवायचे, आणि पांढरा डोंगर खिडकीच्या वर चढायचा. माझे संच एका कोपऱ्यात आक्रसले. घरात सगळ्यांच्या अंगाला खाज. डाळीतही कापसाचे तंतू यायचे.

गाणंही त्या वर्षांत हळूच ऐकावं लागायचं. एक तर वीज दिवसातला बराच वेळ नसायची. आणि असली तरी गावात कुठल्या ना कुठल्या घरी कर्जापायी वाईट झालेलं असायचं. मी आवाज इतका बारीक ठेवायची की प्लेअरला कान लावूनच बसावं लागे. नवरा शेतातून आला की तोही खाली बसून माझ्या शेजारी कान लावायचा. त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली असायची, आणि आमच्या एकत्र कुटुंबात तेवढीच काय ती आमची जवळीक.

त्या हिवाळ्यात मी सगळ्यात देखणा संच आणला. एका जुन्या ठुमरी गायिकेचा. लाकडी पेटी, कोपऱ्यांना पितळी पत्रे, पुढे दोन लोखंडी कड्या, आत लाल मखमल. आत्याबाईंनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. गाणं ऐकलं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "काहून रडून राह्यली ही बाई?" आणि तांदूळ निवडायला निघून गेल्या.

पुढे नणंदेच्या मुलीचं बारसं आमच्याकडे झालं. घर पाहुण्यांनी आणि लेकरांनी भरलं. बारशाच्या गडबडीत मी संचांकडे पाहिलंही नाही. दोन दिवसांनी पाहुणे गेले. आणि त्याच आठवड्यात नवऱ्याने ठरवलं की आता थांबण्यात अर्थ नाही, कापूस विकून मोकळं व्हायचं. रविवारी सकाळी मी कपडे धुवायला मागे गेले असताना मेटॅडोर आला, कापूस भरला, आणि नवरा व दीर त्यावर बसून बाभुळगावच्या जिनिंग कारखान्यात गेले.

मी समोरच्या खोलीत झाडू घेऊन आले. खोली एकदम मोठी वाटत होती. लुगड्याखालचे संच जागेवर होते. लाकडी पेटी नव्हती.

"आत्याबाई, इथली पेटी कुठंय?"

त्या चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातली भाकर तशीच राहिली.

"अवं माय!" त्या म्हणाल्या. "ते पोट्टे सारं उघडून पाहून राह्यले होते. म्हणून म्या ते कापसात दाबून ठेवली. खोल. माह्या ध्यानातच नाई राह्यलं."

मी झाडू टाकून खाली बसले. मला पेटीचं वाईट वाटलं होतं. पण आत्याबाईंना दुसरंच सुचलं. त्यांचं माहेर एका जिनिंगच्या बाजूचं. कापसात लोखंडाचा तुकडा राहिला आणि तो रेच्यात, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात गेला, तर ठिणगी उडते, आणि रुईला ठिणगी म्हणजे काय हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं.

"त्याले कड्या होत्या नं? लोखंडाच्या?"

"हो."

"ऊठ. चप्पल घाल."

गावात तेव्हा फोन सरपंचांच्या घरी, आणि तो बंद. आम्ही दोघी रस्त्यावर आलो. काळीपिवळी जीप आली ती आधीच गच्च भरलेली होती. आत्याबाई आत बसल्या म्हणण्यापेक्षा शिरल्या, आणि ड्रायव्हरच्या पाठीत बोट रोवून म्हणाल्या, "हाक लवकर! जिनिंगले आग लागन!"

सगळी जीप हादरली. कोणाचा भाऊ तिथे हमाल, कोणाचा कापूस तिथे पडलेला. "कुठं लागली? कधी लागली?" असा एकच गलका झाला. मी सांगत राहिले की अजून लागलेली नाही, पण माझं कोण ऐकतंय. ड्रायव्हरने एरवी कधी पळवली नसेल अशी जीप पळवली आणि आम्हाला थेट जिनिंगच्या फाटकात नेऊन सोडलं. मागून सगळे प्रवासीही उतरले.

आवारात कापसाच्या गाड्यांची रांग होती. त्या दिवशी भाव आणखी उतरला होता, त्यामुळे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आमचा मेटॅडोर रिकामा होऊन बाजूला उभा होता. आमचा कापूस मोठ्या ढिगात मिसळून गेला होता, आणि ढिगाच्या दुसऱ्या टोकाकडून बायका टोपल्या भरून आत नेत होत्या. आत रेचे धडधडत होते.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि त्या सरळ आत गेल्या. आतला फिटर बाभुळगावातल्याच मोहल्ल्यातला वयस्कर माणूस होता. कानाला रुईचे तंतू, हाताला ग्रीस.

"भाऊ, मशीन बंद करा!" त्या ओरडल्या. "कापसात लोखंड हाय!"

त्याने एकही प्रश्न विचारला नाही. "बंद करो रे! सब बंद करो!" एवढंच तो म्हणाला आणि स्वतः धावत गेला. धडधड थांबली. ती शांतता इतकी अचानक होती की बाहेरचे बैलसुद्धा माना वळवून पाहू लागले.

मग नवरा आला, दीर आला, जिनिंगचे शेठ आले. पेटीची हकीकत मी सांगितली. शेठ कपाळावर हात मारून म्हणाले, "गाण्याची पेटी? कापसात?" पण चिडायला वेळ नव्हता. ढीग उपसायला सुरुवात झाली. रांगेतले शेतकरी धोतरं खोचून, पॅन्ट दुमडून ढिगात उतरले, जीपमधले प्रवासी उतरले, हमाल उतरले. सगळे कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते. मी एका बाजूने आणि आत्याबाई दुसऱ्या बाजूने. कोणीतरी म्हणालं, "सापडली तं गाणं म्हणावं लागन, वहिनी." आणि लोक हसले. त्या आवारात त्या दिवशीचं ते पहिलं हसणं असावं.

पेटी काही सापडेना. ढीग इकडचा तिकडे झाला. शेठ पुन्हा पुन्हा बंद यंत्रांकडे बघत होते.

एवढ्यात जेवायला गेलेल्या काही बायका परतल्या. त्यांतली तांड्यावरची एक तरुण बाई, हातात डबा, थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "काय पाहून राह्यले सारे?"

"पेटी. लाकडाची. पितळ लावलेली."

"ते?" ती म्हणाली. "ते तं मले कापूस उतरवतानीच भेटली. म्या देवापाशी ठेवली. मले वाटलं, कोण्या देवाची असन."

भिंतीतल्या कोनाड्यात देवीची तसबीर होती. तिच्यापुढे माझी पेटी, वर झेंडूचं एक फूल आणि हळदीकुंकवाचं बोट. फिटर तर खाली बसून हसायला लागला. आत्याबाईंनी त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि मग तिच्यावरून ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

आता यंत्र लगेच सुरू होणार असं मला वाटलं. पण फिटर म्हणाला, "शेठजी, मशीन थंडी हो रही है. तब तक सुन तो लो, क्या चीज है." शेठच्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर होता आणि त्याला छोटे स्पीकर होते. शेठने जरा आढेवेढे घेतले, आणि मग स्वतःच म्हणाले, "द्या बाई, एक लावा."

मी मखमलीतून पहिली सीडी काढली. ऑफिसात मावतील तेवढे आत, बाकीचे दारात आणि खिडकीशी उभे राहिले. पहिल्यांदा तानपुरा आला, मग गायिकेचा आवाज, थोडा जाडसर, वय झालेला, एकेक शब्द चार वेळा वळवून म्हणणारा. मी तो आवाज आजवर प्लेअरला कान लावून ऐकला होता. मोठ्याने तो असा असतो हे मलाही ठाऊक नव्हतं. खिडकीशी एक म्हातारे शेतकरी कापसाने भरलेले हात तसेच पुढे धरून उभे होते. तांड्यावरची ती बाई दाराला टेकून, डबा छातीशी धरून ऐकत होती. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या शेठच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांना कोणी बसवलं कोण जाणे, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

गाणं संपलं. म्हातारे म्हणाले, "अजून एक डाव लावा."

शेठने अजून एकदा लावू दिलं. मग यंत्रं सुरू झाली, रांग पुढे सरकली. भाव सकाळी होता तोच राहिला. आमच्या कापसाचं जे व्हायचं तेच झालं. परतताना रिकाम्या मेटॅडोरमध्ये आत्याबाई आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो, पेटी त्यांच्या मांडीवर. वाटेत त्या मला म्हणाल्या, "माहा बाप गेला तवा माही माय अशीच रडे. सूर लावून. मले वाटे, लोक काय म्हणतीन. म्हणून मले हे गाणं ऐकवत नोतं."

त्या उन्हाळ्यात नवऱ्याने सुताराला बोलावलं. माझे सगळे संच अंगणात मांडले आणि प्रत्येकाचं माप घेतलं. बांधावरचं एक जुनं सागाचं झाड वादळात पडलं होतं, त्याच्या फळ्या काढल्या. खोल कपाट झालं, चौकोनी संच आडवे राहतील असं, पोथीसारख्यांना वेगळा कप्पा, गोल डब्याला वरचा खण. आत्याबाई दर अमावस्येला त्यात कडुनिंबाचा पाला बदलायच्या. मी शाळेतून आले की प्लेअरजवळ दोन-तीन बायका बसलेल्या दिसायच्या. आत्याबाई बटण दाबायला शिकल्या होत्या. बायकांना गायिकेचं नाव उच्चारायला जड जायचं, म्हणून त्यांनी तिला जिनिंगवाली म्हणायला सुरुवात केली. "आज जिनिंगवाली लावा नं, काकू." ज्या घरी वाईट झालं होतं, त्या घरच्या बायकाही यायच्या. त्यांच्यासमोर आवाज कमी करायला मी हात पुढे केला की आत्याबाई माझा हात धरायच्या.

आत्याबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. आम्ही मुलीच्या शिक्षणासाठी यवतमाळला आलो, तेव्हा ते कपाट जिन्यात वळेना, म्हणून ते गावीच राहिलं. जाऊबाई त्यात गोधड्या ठेवतात. संच माझ्याकडे दिवाणात आहेत. गाणी आता फोनवर मिळतात, आणि मीही तिथेच ऐकते. तरी मधूनच एखाद्या दुपारी मी दिवाण उघडते, चौकोनी खोकी बाहेर काढते, पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली आहेत का बघते आणि त्यांना जरा वारा देते. नवरा वर्तमानपत्र बाजूला ठेवून जमिनीवर येऊन बसतो आणि विचारतो, "आज कोणतं काढलं?"