तात्यांच्या पंच्यावरची रिकामी जागा

श्री. यशवंत गावडे, म्हणजे आपले सर्वांचे तात्या, यांची आणि माझी पहिली भेट जोयड्याच्या बसस्टँडसमोर, माझ्या बंद पडलेल्या जीपच्या पुढ्यात झाली. त्या काळी मी जोयडा ते गुंद अशी वडाप जीप चालवत असे. स्टार्टर नुसता करकरत होता, आत बसलेली माणसं वैतागली होती आणि मी बॅटरीला शिव्या देत होतो. समोरच्या अरुंद दुकानातून तात्या सावकाश बाहेर आले. त्यांनी बॅटरीची सहाही बुचं उघडली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, "बॅटरी मेली न्हाई. तहानलेली हाय. पाणी कधी घातलंस?"

मी म्हणालो, "गेल्या आठवड्यात."

त्यांनी एका बुचावरची धूळ बोटाने पुसली आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. "ही धूळ आठवड्याची न्हाई, सुभाष." माझं नाव त्यांनी जीपच्या काचेवर वाचलं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं खोटं पकडलं, हे मुद्दाम नोंदवतो. पुढच्या मजकुराशी त्याचा संबंध आहे.

तात्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला 'तात्यांचे सौरकार्य' हा विषय दिला. दोनदा आठवण करून दिली. मी तीनदा लिहून फाडलं. कारण असं, की तात्यांबद्दल आपल्या तालुक्यात गेली पाच वर्षं एक गैरसमज आहे आणि तो कुठून निघाला हे आजवर फक्त दोघांना ठाऊक होतं. तात्या बोलणार नाहीत. उरलो मी. हे वाचल्यावर आपल्यापैकी कितीजण मला पुन्हा घरात बॅटरीला हात लावू देतील, याची मला काळजी आहे. ती लपवत नाही. पण ते वगळून तात्यांवर लिहिलं तर तो गौरव अर्धाच राहील.

आधी त्यांचं काम. सुप्याच्या धरणाची वीज आपल्या डोक्यावरून मोठ्या तारांनी जाते, पण रानातल्या कित्येक वाड्यांना तिचा उजेड मिळाला तो फार उशिरा, काहींना अजूनही मिळालेला नाही. अशा वाड्यांत तात्यांनी पॅनेल आणि पाण्याच्या जुन्या बॅटऱ्या डोक्यावर वाहून नेल्या. बसवून देणारे इतरही होते. तात्यांनी त्या टिकवायला शिकवलं. बॅटरीत पाणी कधी घालायचं हे कुणाच्या लक्षात राहीना, तेव्हा त्यांनी अमावास्या नेमून दिली. रात्र काळोखी आली की बायकांना आठवायचं. गुंदकडच्या एका मावशींनी मला हसत सांगितलं होतं, "आमच्या सासूनं उपास शिकवले, तात्यांनी बॅटरीचं पाणी शिकवलं. दोन्ही चुकत न्हाई."

मी जीप विकून त्यांच्याबरोबर काम करू लागलो. माझं शिक्षण दहावीपर्यंत. पण खोक्यातून येणारी इंग्रजी पुस्तिका मी शब्दकोश घेऊन ओळ न ओळ वाचली आहे. लिथियमच्या बॅटऱ्या आल्या तेव्हा या तालुक्यात त्या उघडून, सेल न सेल मोजून, पुन्हा जुळवणारा पहिला माणूस मी होतो. हे मी अभिमानाने सांगतो आणि याच अभिमानाने पुढे घात केला.

पहिला लिथियमचा डबा दुकानात आला त्या दिवशी तात्यांनी तो चारी बाजूंनी फिरवला, उलटा करून पाहिला. "बुचं कुठं हायत?"

"बुचं नसतात तात्या. पाणीच नाही यात."

"वास?"

"वासही नाही."

"मग ह्याचं दुखतंय-खुपतंय ते कळायचं कसं?"

मी त्यांना आतली सर्किटची पट्टी दाखवली. डबा फार रिकामा झाला किंवा फार भरला की ही पट्टी रस्ता बंद करते. तात्यांनी चष्मा वर करून ती पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे राखणदार हाय आत." गावाच्या वेशीवरचा राखणदार देव आपल्याला नवा नाही, त्यामुळे वाड्यांमध्ये तोच शब्द रुजला. त्या वेळी तात्या सत्तरीच्या उंबऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन माझ्यासमोर बसले. वयाने आणि कामाने एवढा मोठा माणूस माझ्यासारख्याला "परत सांग, मला समजलं न्हाई" असं म्हणतो, हे पाहून मला तेव्हा संकोच वाटायला हवा होता. मला फुशारकी वाटली.

आता पंच्याविषयी. ज्यांच्या घरी तात्या आले आहेत त्यांनी हे पाहिलं असेल. काम संपलं की ते जमिनीवर आपला पंचा अंथरतात आणि पिशवीतली हत्यारं एकेक करून ठरलेल्या जागी मांडतात. टेस्टर, पकड, पाने, मीटर, टेप असं करत बारा. बारा भरल्याशिवाय ते घर सोडत नाहीत. बॅटरीच्या डब्यात विसरलेला पाना काय करू शकतो हे त्यांनी तरुणपणी एकदा पाहिलं होतं, त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत. माझ्याकडूनही त्यांनी ही सवय घोटून घेतली होती. ते बरोबर असले की मी मांडत असे. एकटा असलो की मला त्याची गरज वाटत नसे.

पाच वर्षांपूर्वी गणपतीच्या चवथीआधी आठ दिवस पावसाने सूर्य दाखवला नव्हता. गुंदच्या पलीकडे एका वाडीत दत्तूभाऊ आणि सावित्रीवहिनी राहतात. त्यांच्या घरी मीच बसवलेला डबा पूर्ण रिकामा होऊन बंद पडला. चवथ दुसऱ्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी दुपारी पोचलो. असा बंद पडलेला डबा पॅनेलकडून चार्जही घेत नाही, कारण राखणदाराने दार लावून घेतलेलं असतं. त्याला वळसा घालून एक वायर क्षणभर जोडायची, डबा जागा झाला की काढून घ्यायची, अशी रीत आहे. क्षणभर. मी दोन्ही टोकांना क्लिपा असलेली वीतभर लाल वायर जोडली, दिवे लागले. काढली, पुन्हा गेले. तेव्हा मी ती लावूनच ठेवली. परवा येऊन काढू, असं मनाशी म्हणालो. दत्तूभाऊ म्हणाले, "तात्यांच्या पुढं गेलात तुम्ही." ते ऐकत मी चहा प्यालो, पिशवी उचलली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी चवथ. सकाळी ऊन पडलं. असं लखलखीत ऊन, की जोयड्यात माणसं अंगणात येऊन आभाळाकडे बघत होती. मी तात्यांकडे गणपतीच्या दर्शनाला गेलो. मखरातली दिव्यांची माळ लागत नव्हती. तात्या म्हणाले, "तुझी पिशवी आण रे." त्यांनी माळ दुरुस्त केली आणि हाताच्या सवयीने पंचा अंथरून माझी हत्यारं मांडू लागले. टेस्टर, पकड. मी उगाच तात्यांच्या पत्नी अक्कांशी मोदकांबद्दल बोलत राहिलो.

"अकरा," तात्या म्हणाले. त्यांचं बोट पंच्यावरच्या रिकाम्या जागेवर होतं. "लाल वायर कुठं हाय?"

"पडली असेल वाटेत."

"सुम्ने कायतरी बोलू नको. वाटेत पिशवी कशाला उघडलीस?"

मी पिशवी जवळ ओढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारातून आत आलेल्या उन्हाकडे. "काल कुणाकडं गेला होतास?"

मी सांगितलं. रागवायला वेळ नव्हता. ते खुंटीवरची टोपी काढत होते. अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, नैवेद्य व्हायचाय! गणपती काय उपाशी बसणार काय?"

"गणपती घरातच हाय. कुठं जात न्हाई. मी येतो."

दत्तूभाऊंच्या वाडीत टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, त्यामुळे स्वतः जाण्यावाचून इलाज नव्हता. साडेदहाला आम्ही ओळखीच्या एकाची जीप घेऊन निघालो. मी चालवत होतो आणि मनातल्या मनात आकडे मांडत होतो. दीडशे वॅटचं पॅनेल, तीस अँपिअर-अवरचा डबा. आठपासून ऊन. एकच्या सुमाराला डबा भरणार. भरल्यावर थांबवणारं आत कुणी नाही, कारण राखणदाराचे हात मी बांधले आहेत. पॅनेलची वीज आवरणारा बाहेरचा कंट्रोलर चारही सेलांची बेरीज तेवढी पाहतो. त्यातला एक जरी फार रिकामा पडून बिघडला असेल, तर बाकीच्यांच्या वाटणीचा भार त्याच्यावर जातो. या जातीचा सेल सहसा चटकन पेट घेत नाही, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. तो फुगतो, वायू सोडतो. आणि तो डबा मी माळ्याखाली ठेवला होता, भाताच्या गवताने बांधलेल्या धान्याच्या मुड्यांना लागून. चवथ होती. घरात समया, कापूर, उदबत्त्या.

ढगाचा एखादा तुकडा सूर्यावर आला की बरं वाटायचं. इतक्या दिवसांनी ऊन पडलं आणि ते जावं म्हणून मी मनातून प्रार्थना करत होतो. रस्ता संपल्यावर अर्धा तास चालायचं होतं. सत्तरीचे तात्या चिखलातून माझ्या पुढे होते. एकदा घसरले, गुडघा फुटला. मी हात दिला तर म्हणाले, "मला नको धरू. चल पुढं."

घरात आरती चालू होती. तात्यांनी चपला काढल्या, गणपतीला हात जोडले आणि थेट माळ्याखाली गेले. डब्याला हात लावला आणि मागे वळून मला हळूच म्हणाले, "आधी पॅनेल सोड." मी पॅनेलची वायर सोडली. मग त्यांनी लाल वायर काढून खिशात घातली. आम्ही दोघांनी डबा उचलून अंगणाच्या पार टोकाला, दगडावर, सावलीत नेऊन ठेवला. मी मीटर लावला. तीन सेल ३.४ व्होल्टच्या आसपास. चौथा ३.९५. त्याची मर्यादा ३.६५ असते. त्याचं पोट बोटाला लागेल एवढं बाहेर आलं होतं. एकला वीस मिनिटं कमी होती.

पुढे काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित फक्त वास आला असता. कदाचित काहीच नाही. मी नंतर कितीतरी वेळा आकडे मांडले आणि दर वेळी त्या मुड्यांपाशी येऊन थांबलो.

आरती संपवून सगळे अंगणात आले. दत्तूभाऊंनी विचारलं, "काय झालं तात्या? काल तर चांगले लागले होते दिवे."

तात्या म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली. डबा धोक्यात होता. आज दिवे न्हाई लागणार. नवा सेल घालून देतो, घरातल्यांची माफी मागतो." आणि पंचाहत्तरीच्या या गौरवमूर्तींनी तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर हात जोडले.

पाहुण्यांतले एक गृहस्थ म्हणाले, "वय झालं तात्यांचं. हे नवीन काम त्यांना न्हाई जमायचं. आता सुभाषभाऊंवर सोडा." लोक हसले. दत्तूभाऊ माझ्याकडे वळले, "तुम्ही आला म्हणून बरं." मी त्यांच्यासमोर उभा होतो. मी मीटरच्या वायरी गुंडाळू लागलो. सावित्रीवहिनींनी जास्तीच्या समया पुसायला घेतल्या.

परतताना तात्या जीपमध्ये गुडघ्याला रुमाल बांधून बसले. घरी पोचल्यावर त्यांनी पंचा अंथरला, खिशातली वायर तिच्या जागी ठेवली आणि म्हणाले, "बारा."

मी विचारलं, "तात्या, 'आमच्याकडून चूक' का म्हणालात?"

"तुझी म्हणालो असतो तर उद्या तुला कोण बोलावणार? मला बोलावलं न्हाई तर काय बिघडतंय. लिथियमचं काम येणारा तू एकटाच हायस इकडं."

"पण हे खोटं आहे."

"मग खरं तू सांग. तुला जमल तवा."

त्या चवथीनंतर 'तात्यांना लिथियम कळत नाही' ही गोष्ट वाडीवाडीत गेली. लोकांनी त्यांना बोलावणं कमी केलं, माझी बोलावणी वाढली. मी प्रत्येक घरात गेलो आणि प्रत्येक घरात गप्प राहिलो. तात्यांनी पाच वर्षांत एकदाही आठवण करून दिली नाही. संध्याकाळी मी कामावरून आलो की ते एवढंच विचारतात, "किती?" आणि मी मांडून दाखवतो.

तर वाचकहो, जमलं ते आज. त्या घरात वायर मी ठेवली होती. चूक माझी एकट्याची होती, आणि तात्यांना लिथियम कळतं. माझ्याहून जास्त कळतं, कारण त्यांना त्याची भीती वाटते आणि मला तेव्हा वाटत नव्हती. हा मजकूर छापायला देण्याआधी मी दत्तूभाऊंच्या घरी जाऊन तो वाचून दाखवला. ते उठून त्या माळ्याखाली जाऊन आले. सावित्रीवहिनी म्हणाल्या, "आमच्या घरापायी त्यांनी स्वतःकडं कमीपणा घेतला, आणि आम्ही पाच वर्षं त्यांना चवथीला बोलावलं न्हाई." यंदा बोलावलं आहे. मलाही बोलावलं आहे, पण डब्याला हात तात्यांनी लावायचा, या अटीवर. अट मला मान्य आहे.

अलीकडे पकड धरताना तात्यांना दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागतो. ते पाहिलं की मी माझी पिशवी पुन्हा एकदा मोजतो. कारण यंदाही पाऊस उघडीप देत नाही, यंदाही कुणाचा तरी डबा बंद पडेल, कुणीतरी मला चहा देऊन कौतुक करेल, आणि माझ्या हुशारीवर माझा अजून पूर्ण भरवसा नाही.

म्हणून तात्या, सत्काराच्या शालीआधी मी तुमच्यासमोर तो पंचा अंथरणार आहे. तुमचे गुडघे, डोळे आणि हात पुष्कळ वर्षं शाबूत राहोत, अक्कांचा नैवेद्य पुन्हा कधी तुमच्यामुळे न खोळंबो, आणि मी संध्याकाळी दारात आलो की आतून तुमचा आवाज येत राहो, "किती?"