लेकीचा चौक

माझ्या लेकीच्या लग्नाचा चौक माझ्या डोळ्यांदेखत बिघडत होता आणि मी दारात बसून कांदे चिरत होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. सुरतेच्या पांडेसऱ्यात आमची भाड्याची एकच खोली. मालकिणीच्या हातापाया पडून तिची एक भिंत गेरूने सारवून घेतली होती. आम्हा वारल्यांत भिंतीवर चौक काढून त्यात पालघट देवी बसवल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि तो काढायचा सवाष्णींनी. माझा नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. त्याआधी गावात कुणाचंही लग्न असो, चौकाला पहिलं बोलावणं मला यायचं. मेला ताप आला त्याला, आणि बाद झाले माझे हात!

सुरतेत आमच्यातली सवाष्ण म्हणजे एकटी माझी नणंद. तिने जन्मात चौक काढायची बांबूची काडी धरली नव्हती. तांदळाचं पीठ तिने इतकं पातळ कालवलं की भिंतीवरून ओघळायला लागलं. देवीचा एक हात आखूड, एक लांब.

"अगं, काडीचं टोक आधी चावून मऊ कर!" मी दारातून ओरडले.

"वहिनी, माझा हात नाय वळत. मी काय करू?" ती रडकुंडीला आली.

भिंत चार पावलांवर होती. रीत पाडणाऱ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, मेलेल्या नवऱ्यालाही सोडलं नाही.

शेवटी लेकच उठली. पिठाची वाटी आणि काडी माझ्यापुढे आणून ठेवली. "आये, तूच काढ. नायतर मला लग्नच नको."

नणंदेची तर सुटकाच झाली. "काढा वहिनी. इथे सुरतेत कोण बघतंय? मी कुणाला सांगणार नाय."

आता अडवणारं कुणीच नव्हतं. मी काडी घेतली, भिंतीपाशी गेले, आणि हात पुढे होईना. जावई डोळ्यांसमोर आला. मिलमध्ये उकळत्या रंगाच्या हौदापाशी दिवसभर उभा असतो पोरगा. त्याला उद्या काही झालं तर? लोकांचं जाऊ दे, मीच स्वतःला जन्मभर खाल्लं असतं.

काडी मी नणंदेच्या हातात परत दिली. "तूच काढ," म्हटलं.

लेक हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यावर अशी वेळ आली, तर तू मलापण चौकावरून उठवशील?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. नाही गं, असं म्हणायला हवं होतं. मला म्हणता आलं नाही.