सरकत्या भिंतीची परीक्षा

सौदीतल्या अल-खोबरमधल्या आमच्या भारतीय शाळेची नवी इमारत मी आखली. मी आर्किटेक्ट आहे, पण इथे आपल्याकडून आलेला प्रत्येक शिकलेला माणूस 'इंजिनीअर'च असतो. पंधरा वर्षं लोकांना दुरुस्त करत होतो, आता नाद सोडला.

जागा रुमालाएवढी आणि मागण्या विचारू नका! सकाळी शाळा, संध्याकाळी बायकांचा शिवणवर्ग, शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, कोकणातल्या मंडळींची बैठक. म्हणून मी भिंतीच सरकत्या केल्या. भिंत ओढली की दोन खोल्या. दुमडून बाजूच्या कोनाड्यात सारली की एक हॉल. मी इतका खूश होतो की जेवताना लोणच्याच्या बरण्या सरकवून बायकोला समजावायचो.

"बरण्या राहू देत. मला खोली मिळणार का, ते सांग," ती म्हणायची.

तिचं बरोबर होतं. आमच्या फ्लॅटमध्ये ती दर शुक्रवारी बावीस पोरांना मराठी शिकवायची. घरी आईबापांना इंग्रजीत उत्तरं देणारी ही कार्टी तिच्यापुढे बाराखडी म्हणायची, तीही बेंबीच्या देठापासून. खालच्या मजल्यावरून तक्रारी गेल्या आणि घरमालकाने बजावलं, या महिन्यानंतर खलास. त्या दिवशी ती भांडी घासताना रडली. मला फार वाईट वाटलं.

शाळेच्या समितीचे अध्यक्ष रत्नागिरीकडचे, मसाल्याचे व्यापारी. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. "इंजिनीअर, भिंत जागची हलली तर ती भिंत कसली?" हे त्यांचं मत. शेवटी तोडगा निघाला. दोन खोल्या तयार झाल्या होत्या. तिथे एका शुक्रवारी बायकोचा वर्ग आणि समितीची बैठक शेजारी-शेजारी भरवायची आणि शेवटी मी भिंत सरकवून दाखवायची. सरकली तर बायकोचा वर्ग कायमचा तिथे. नाही सरकली तर सगळीकडे विटांच्या भिंती, आणि शाळा सुटली की इमारतीला कुलूप.

त्या शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो. रूळ पुसला, तेल घातलं, भिंत दहादा मागेपुढे केली, मग ओढून ठेवली आणि सँडल काढून निवांत बसलो. अलीकडे बायकोचा वर्ग, पलीकडे समितीची बैठक. पोरं बाराखडी ओरडत होती आणि पलीकडे चाचांना काहीही ऐकू येत नव्हतं. मी मिशीतल्या मिशीत हसत होतो.

"चला, दाखवा तुमची जादू," चाचा म्हणाले.

मी ऐटीत भिंत ढकलली. अर्धी गेली, पाऊण गेली आणि अडकली. जोर लावला. ढिम्म! घाम फुटला. मी ठेकेदाराला शिव्या घातल्या, रूळ बनवणाऱ्याला घातल्या, वाळवंटातल्या वाळूलाही सोडलं नाही. चाचा शांतपणे म्हणाले, "म्हणजे विटा मागवायच्या." बायकोचा चेहरा उतरला.

तिने पदर खोचला आणि कोनाड्यात डोकावली. "अरे, इथे चपला आहेत!"

नुसत्या चपला? ढीग! बाहेर फरशी तव्यासारखी तापलेली. आपली माणसं, चपला घालून आत येणार कशी? भिंत ओढलेली असताना कोनाडा रिकामा, सावलीतला, शिवाय अगदी दाराशी. पोरांच्या, त्यांच्या आयांच्या, समितीच्या सगळ्या सदस्यांच्या चपला तिथे सुखाने नांदत होत्या. इतकी मोठी इमारत आखली, पण चपला कुठे काढायच्या ते मी आखलंच नव्हतं.

बायको एकेक जोड बाहेर काढू लागली. "या कोणाच्या?" लोक खाली मान घालून उचलत होते. चाचांच्याही निघाल्या.

"पण इथे ठेवायला सुरुवात केली कोणी?" चाचा गुरकावले.

सगळ्यात तळाशी, भिंतीला टेकवून नीट जोडून ठेवलेला तपकिरी सँडलचा जोड निघाला. बायकोने तो उचलला आणि माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

मी भिंत ढकलली. ती अलगद आत गेली.

चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "भिंत पास, इंजिनीअर नापास! वहिनी, पुढच्या शुक्रवारपासून वर्ग इथेच."

पुढच्या शुक्रवारी बायकोने फळ्यावर ओळ लिहिली, 'चपला बाहेरच्या नव्या मांडणीवर ठेवाव्यात.' पोरांनी ती पाच वेळा लिहिली. मागच्या बाकावर बसून मी दहा वेळा.