आप्पा आणि दौंडची माणसं

आप्पांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघायचे. चहाची बशी असो, सत्काराचा नारळ असो, नाहीतर नातीची गुणपत्रिका. एका पंधरा ऑगस्टला पाहुण्यांनी त्यांना शाल दिली, तर भर कार्यक्रमात तिची मागची बाजू बघून म्हणाले, "धागं निघाल्यात हिचं. आणली कुणी?" आणली मीच होती, शिरूरच्या बाजारातून. पाहुणे हसले. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

निमोण्याच्या पुढे एका वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथे शिक्षिका आणि आप्पा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. उंच, वाळकी अंगकाठी, टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. मी हजर झाले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी हितं का आला?" म्हटलं, बदली झाली. "ती झाली वो. पण तुमचीच का?" पुढे दोन महिने त्यांना वाटत होतं की मला कुणीतरी मुद्दाम पाठवलंय. खिचडीच्या तांदळाचं पोतं आलं की ते कोपरापर्यंत हात घालून तळाचा तांदूळ वर काढायचे. एकदा खरंच जाळी लागलेला तांदूळ निघाला. तरी मला त्यांचा रागच यायचा.

आमची शाळा सातवीपर्यंत. मुलींच्या स्वच्छतागृहाचं भांडं फुटलेलं, भिंती खचलेल्या, दार मोडून पडलेलं. अर्जावर अर्ज गेले, उत्तर नाही. सहावी-सातवीच्या सात मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत. दुपारचं गणित आणि विज्ञान त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. दोघींची शाळा थांबवायचं घरात बोलणं सुरू झालं होतं, आणि ते माझ्या जिवाला लागलं होतं.

दौंडला माझी मावसबहीण राहते. तिच्या शेजारी शांतवनकाका, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या चर्चची नऊदहा माणसं दरवर्षी दिवाळीनंतर सहा दिवस एखाद्या शाळेत राहून पडेल ते काम करतात. मी सहज विषय काढला. काका म्हणाले, "येतो की. सामान आम्ही आणू. झोपायला एक वर्ग द्या म्हणजे झालं."

आप्पांना सांगितलं तर ते खुर्चीतून अर्धवट उठलेच. "फुकट? अवो मॅडम, फुकट तर आपला जावईबी काय देत न्हाई. ह्ये चर्चवालं सहा दिस हितं राबनार, आन् त्येंला काय पायजे?" काही नको, असं मी म्हणाले. तिथेच चुकलं. काही नको म्हणणारा माणूस आप्पांच्या हिशेबी सगळ्यात धोक्याचा. शेवटी त्यांनी अटी घातल्या. प्रार्थना शाळेचीच होणार. पुस्तकं, चित्रं काही वाटायचं नाही. "आन् मी सहाबी दिस हितंच बसनार."

मी ओशाळून काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. माझ्या नातवंडांच्या शाळेत अनोळखी माणसं आली तर मीही विचारीन." पहिल्या दिवशी टेम्पोतून सिमेंट, विटा, नवं भांडं उतरलं तेव्हा व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर आप्पा हजर होते. त्यांनी एकेक थैली उघडायला लावली. रूथ नावाची विशीतली मुलगी लहान मुलांना इंग्रजी शिकवणार होती. तिने स्वतः जुळवलेलं एक गाणं म्हटलं, त्यात सूर्याला लवकर बाहेर ये म्हणून बोलावलं होतं. आप्पांनी माझ्याकडून त्याचा अर्थ करून घेतला आणि म्हणाले, "शिरूर तालुक्यात ऊन बोलवाया गाणं लागतं व्हय?" दुसऱ्या दिवशी रूथच्या गाण्यात सूर्याच्या जागी ढग आले. आप्पांना त्यातही संशय. "लगीच बदललं! येवढं ऐकत्यात का?"

तिसऱ्या दिवशी मात्र घोळ झाला. आमच्या शाळेत पंखा असो, कपाट असो नाहीतर भिंत, त्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतंच. काकांची तरुण पोरं हौसेने रंगकामाला लागली आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या घराण्यांचे वाडवडील रंगाखाली गेले. तासाभरात पन्नास माणसं शाळेत जमली. काकांनी हात जोडले. "चूक झाली. आमच्यात देणाऱ्याने नाव सांगायचं नसतं, त्यामुळे पोरांच्या ध्यानात आलं नाही. सगळी नावं लिहून देतो."

"नाव सांगायचं न्हाई, मग देनाऱ्याला मिळतं काय?" आप्पा कडाडले. "म्या म्हनत व्हतो का न्हाई? आधी आपली नावं जानार, मागनं ह्येंचं येनार!" दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडच्या माणसांनी गाशा गुंडाळावा असं ठरलं. स्वच्छतागृहाच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, पण दार नव्हतं. मला रडू आवरेना.

सकाळी टेम्पोत सामान चढत होतं. शाळेमागे रूथ आप्पांच्या नातीशी, सहावीतल्या वैष्णवीशी, हळू आवाजात काहीतरी बोलत होती. आप्पांनी ते टिपलं आणि चपला हातात घेऊन भिंतीकडेने निघाले. मी मागोमाग धावले.

"काय शिकवत व्हती गं पोरीला? आँ?"

रूथचा चेहरा उतरला. उत्तर वैष्णवीने दिलं. "काय न्हाई शिकवलं, आप्पा. ताई इचारत व्हत्या, मी शाळेत कधीच पाणी का पीत न्हाई म्हनून."

"का पीत न्हाईस?"

ती खाली बघत म्हणाली, "पिलं की जावं लागतं. हितं कुठं जायचं?"

आप्पांचा आवाज एकदम खाली आला. "मंग दुपारी पोटात दुखतं म्हनून घरी येतीस ते?" तिने मान हलवली. "अगं, दोन डाक्टर बदललं म्या तुझ्यापायी. दोघंबी लबाड हायत म्हनलो." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमाला ठावं व्हतं?"

"अर्ज तुमच्याच सहीने गेलेत, आप्पा."

"अर्जात दुरुस्ती लिव्हलं व्हतं. पाणी पीत न्हाईत, आसं कुठं लिव्हलं व्हतं?"

खरंच लिहिलं नव्हतं.

दौंडच्या माणसांची पाठवणी बघायला गावातले लोक जमले होते. आप्पा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "नावांचं माझ्याकडं लागलं. मला समदी पाठ हायत. कुनी खरंच दिलं आन् कुनी नुसतंच लिवून घेतलं, त्येबी पाठ हाय. सांगू का आत्ता?" कुणीच 'सांगा' म्हणालं नाही. हळूहळू पांगापांग झाली. टेम्पोतलं सामान परत उतरलं.

आप्पांचा संशय गेला म्हणाल तर मुळीच नाही. त्यांनी फक्त खुर्ची उचलून स्वच्छतागृहासमोर मांडली. दार बसल्यावर आत शिरून ते लावून घेतलं आणि आतून ओरडले, "हितनं उजेड येतोय. उजेड येतो म्हंजी नजरबी येती!" फट बुजवावी लागली. कडी त्यांनी इतक्या जोराने ओढली की ती हातातच आली. जाड कडी बसवून घेतली. काका घाम पुसत म्हणाले, "असा तपासणारा साहेब मला रेल्वेतसुद्धा भेटला नाही." आणि शेवटचा अख्खा दिवस आप्पा सांगतील तशी नावं लिहीत बसले.

निरोपाला आप्पांनी कांद्याची दोन पोती टेम्पोत टाकली, पण आभार मानले नाहीत. "आता तरी खरं सांगा, काय पायजे व्हतं?" काका नुसते हसले. त्यानंतर कितीतरी महिने दौंडकडून पांढरी गाडी आली की आप्पा रस्त्यावर येऊन उभे राहायचे. "येत्याल बगा. कवा तरी मागाया येत्यालच."

कुणी आलं नाही. सातही मुली सातवी पूर्ण करून हायस्कूलला गेल्या.

मागच्या हिवाळ्यात आप्पा गेले. नवे अध्यक्ष भले गृहस्थ आहेत. कागद न वाचता सही करतात आणि म्हणतात, "मॅडम, तुम्ही म्हणताय म्हंजी बरोबरच आसनार." सुरुवातीला मला फार हलकं वाटलं. मग गेल्या पंधरवड्यात मधल्या सुट्टीत सहावीची एक मुलगी नळापासून लांब उभी दिसली, हातात कोरडी बाटली. जाऊन पाहिलं तर स्वच्छतागृहाची कडी निखळून पडली होती. मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, आठ दिवस झाले.

आठ दिवस मी त्या दारावरून येत-जात होते. त्याच दुपारी शिरूरहून कडी आणून बसवली. मुली माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी दार आतून लावून घेतलं आणि तिथे, त्या अंधारात, आप्पांसाठी पहिल्यांदा रडले.